अपडेट बंद ठेवा, असं मी का सांगितलं

खरी गोष्ट कधी खोट्या कारणासाठी सांगितली आहे तुम्ही? मी सांगितली आहे — छापून, वाटून. गेल्या रविवारपर्यंत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझं ते पत्रक आठवतं? ‘संगणक तुमच्यावर पाळत ठेवतो!’ नायगावपासून विरारपर्यंत स्टेशनांबाहेर उभं राहून मीच वाटलं होतं. वडिलांच्या कामगार-पत्रकांवर वाढलेला मी — घोषणा घरातच शिकलो. अपडेट घेताना आपल्या संगणकातली माहिती कंपनीकडे जाते, नक्की काय जातं ते कुणी धड सांगत नाही, म्हणून अपडेट बंदच ठेवा, असं लिहिलं होतं. माहिती जाते याचा राग मला आजही तेवढाच आहे.

पण बंदच ठेवा — हे का म्हणालो?

तेव्हा मनवेलपाड्यात मी सुटे भाग जोडून संगणक विकायचो. सगळ्यांत एकाच सीडीवरून उतरवलेली चोरीची सिस्टीम. गिऱ्हाइकाला मात्र अस्सल म्हणून सांगायचो. अपडेट झालं असतं तर पडद्यावरच आलं असतं — तुमची कॉपी अस्सल नाही. तुमच्या खासगीपणाची काळजी होती का मला? होती. पण ते पत्रक मी लिहिलं माझी चोरी झाकायला.

माझ्याकडूनच संगणक घेतलेल्या पाचूबंदरच्या फिलूमावशीनं माझं ऐकलं. मासळी विकून आली की ती म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेली लग्नातली गाणी, आपल्या बोलीतली, एका बोटानं टाइप करत बसायची. अपडेट बंद म्हणजे दुरुस्त्याही बंद. व्हायरस शिरला आणि सगळी गाणी गेली.

“मीच कायतरी भलतं दाबलं रे,” ती म्हणाली.

आणि मी — काय केलं मी? “होतं असं, मावशी,” म्हणालो आणि नेहमीसारखा तिनं पुढे केलेला पाव खात बसलो. तिनं संगणकावर कापड टाकलं, ते कित्येक वर्षं तसंच राहिलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तिच्या घरी गेलो, कापड काढलं आणि सगळं सांगितलं.

“म्हनजे मी या मशीनला भ्यायची, नि तू बसून माझे पाव खायचास!” मग खुर्ची ओढून ती म्हणाली, “आता तोंड पाडू नको. अस्सल घाल त्याच्यात, तुझ्या पैशानं. नि ते काय इचारतंय ते वाच. पुरतं वाच, तुझ्या पत्रकासारखं अर्धं नको.”

घातली. वाचलं. दुरुस्त्या आपोआप घ्यायच्या का? “घे.” वापराची माहिती कंपनीला पाठवायची का? “त्यांना कशाला पंचायती?” म्हणत तिनं स्वतःच्या बोटानं ‘नाही’ दाबलं.

मग कोरं पान उघडून तिनं एका गाण्याची पहिली ओळ लिहिली. दुसरी आठवेना. ज्या बायांनी ती गाणी गायली होती, त्यांतल्या काही जणी आता नाहीत. तरी ती उठली नाही — पहिलीच ओळ गुणगुणत राहिली.

मला माफ करा, असं म्हणत नाही. माझ्याकडून संगणक घेतला असेल तर आणा. अस्सल सिस्टीम माझ्या खर्चानं घालीन. पडद्यावरचा प्रश्न पुरता वाचा आणि उत्तर तुमचं तुम्ही द्या. आणि तुमच्या घरात कुणाला त्या गाण्यांतली एखादी ओळ येत असेल, तर पाचूबंदरला जा, मावशीला म्हणून दाखवा. संध्याकाळी ती घरीच असते, ते पान उघडं ठेवून.