पेडणेकरची हजेरी

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी आपल्या नौदलाच्या एका जहाजावर इंजिनरूमचा चीफ होतो. सव्वीस जण हाताखाली. हजेरी कागद बघून घेणं मला कमीपणाचं वाटे. नावं तोंडपाठ होती आणि त्याचा मला गर्व होता.

दुरुस्तीसाठी आम्ही हॅम्बर्गला निघालो होतो. पोहोचायच्या आदल्या दिवशी नॉर्थ सीमध्ये वादळ झालं. दुपारी दोन वाजता मी वर ब्रिजवर कॅप्टनांना फोन केला.

"सर, बॉयलरचा पाइप गळतोय. स्टीम कमी करावी लागेल."

"वेग सोडला तर जहाज आडवं होईल, चीफ. वीस मिनिटं धरा."

कॅप्टनांचं बरोबर होतं. पंधराव्या मिनिटाला पाइप फुटला. बॉयलरवरचा स्टोकर, वेंगुर्ल्याचा दत्ताराम पेडणेकर वाफेत शिरला आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला. आम्ही वाचलो. तो संध्याकाळी गेला. हॅम्बर्गला दहन झालं. दहनाची सगळी कागदपत्रं गोदीच्या जर्मन फोरमनने धावपळ करून मिळवली. अस्थी कॅप्टनांनी स्वतःच्या केबिनमध्ये ठेवल्या.

दहा दिवसांनी कॅप्टनांची दिल्लीला बदली झाली. जहाज अजून गोदीतच होतं. सकाळी नऊ वाजता मागच्या डेकवर, क्वार्टरडेकवर, चेंज ऑफ कमांड. आमच्या जहाजावरची रीत अशी, की आधी प्रत्येक विभागाची हजेरी व्हायची, मग जुन्या कॅप्टनने जहाज आणि माणसं नव्याच्या स्वाधीन करायची.

मी नेहमीसारखा धडाधड म्हणत गेलो. पाटील. हजर. पेडणेकर.

कोणी हललं नाही. धक्क्यावर फोरमन उभा होता. त्याला ते एक नाव कळलं, त्याने टोपी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या कॅप्टनांनी विचारलं, "माणूस गैरहजर आहे?"

"नाही," आमचे कॅप्टन म्हणाले. "वीस मिनिटं धरा, हा हुकूम माझा होता. बाकीचे सगळे तुमचे. हा माझ्याबरोबर येतोय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचं नाव, चीफ."

"राणे."

साडेनऊला ते गँगवेवरून उतरले. डाव्या हातात अस्थी, उजव्या हाताने सॅल्यूट. मला रडू आवरलं नाही. पुढे ते स्वतः वेंगुर्ल्याला गेले. पेडणेकरच्या आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, असं कळलं.

त्यानंतर मी कागद बघूनच हजेरी घेतली. कागदावर पाटीलनंतर राणे होता. तरी पाटीलनंतर मी जरा थांबायचो. राणेने कधी घाई केली नाही.