आईसाठी बदललेले चार शॉकअप

आनंदा मिस्त्रींनी मला माझ्याच गाडीतनं हाकललं होतं.

आज पहाटे मिस्त्री गेले.

वडिलांची जुनी पद्मिनी त्यांच्या माघारी दहा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली. दोन वर्षं दर रविवारी खपून मी ती उभी केली. रंग, सीट, क्रोम, सगळं चकाचक!

तेवढ्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं.
डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरी नेताना हिसका बसू देऊ नका."

मी ॲम्ब्युलन्स सांगतो म्हटलं, तर आई उसळली.
"ॲम्ब्युलन्स दारात आली की अख्खी मंगळवार पेठ रडायला जमंल. मी ह्यांच्या गाडीतनंच येणार."

झालं! आईपुढं कोण बोलणार?

गाडी घेऊन कळंब्याला मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. वडील होते तेव्हापासून गाडी त्यांच्याच हातातली.

त्यांनी डिकी दाबली, सोडली. गाडी झुलतच राहिली.
मग खाली वाकून बघितलं. शॉकअप काळेभोर, नव्यासारखे. बोट फिरवलं, तर बोट गळक्या तेलानं माखलं.

"जुन्यालाच रंग मारलास व्हय रं?"
मी मान डोलावली.
"मेलेल्याला पावडर लावतोस लेका! आन् ह्यातनं आईला आणणार?"

खरं सांगतो, लाज वाटली. दोन वर्षं मी लोकांना दिसेल तेवढंच केलं होतं.

"मागचे दोन तरी बदला मिस्त्री, आई मागंच बसणार."
"पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचा माणूस हवेत राहतोय व्हय? चारी बदलायचं."

हातातलं काम बाजूला सारून त्यांनी दुपारपर्यंत चारी नवे बसवले.
मग शेजारच्या गोठ्यातनं काठोकाठ चरवीभर दूध आणलं आणि ती मांडीवर घेऊन स्वतः मागच्या सीटवर बसले.
"चल, पेठेपर्यंत."

पहिल्याच स्पीडब्रेकरला दूध त्यांच्या पॅन्टवर.

"थांबव! शॉकअप बरोबर हायत. डायव्हर बाद हाय. उतर खाली!"

दुसऱ्या दिवशी आईला मिस्त्रींनीच घरी आणलं. मी शेजारच्या सीटवर.
गाडी इतकी हळू की मागनं सगळे हॉर्न मारतायत आणि मिस्त्री काच खाली करून एकेकाला शिव्या घालतायत.
मागं उशांना टेकून बसलेली आई एकदासुद्धा "आई गं" म्हणाली नाही.

थँक्यू म्हटलं, तर म्हणाले, "चहा सांग की."

आज सकाळी आईला मिस्त्री गेल्याचं सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग काठी घेऊन उठली.

"गाडी काढ. आनंदाच्या घरी जायाचं हाय."
"अगं, मी चालवली तर तुला धक्के बसतील."
"बसू देत."

निघतोय आम्ही.

मिस्त्री, माझ्या आईला सुखरूप घरी आणलंत. उपकार विसरणार नाही. मनापासून शेवटचा नमस्कार.