लॅपटॉप सुरू होऊ नये म्हणून

आई आमच्याकडे जपानला, एदोगावाला आली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिताना म्हणाली, "तो बाबांचा कॉल आहे ना तुझ्याकडे? मला बघायचाय." मी म्हणालो, बघू, आधी जरा आराम कर. मग तिला नदीकाठी फिरवली, देवळं दाखवली, शिंकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये बसवून नागोयाला मित्राकडे नेऊन आणली. अडीच महिने मी तिला जपान दाखवत होतो आणि ती दर रविवारी न चुकता तेच विचारत होती. तिचा व्हिसा संपायला दहा दिवस राहिले, तेव्हा माझ्याकडचं दाखवण्यासारखं जपान संपलं.

कोविडच्या दिवसांत बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. आई स्वतः पॉझिटिव्ह, घरात एका खोलीत कोंडलेली. मी इथे अडकलेला. वॉर्डमधल्या एका सिस्टरने स्वतःच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि तो शेवटचाच ठरला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. आईला मी फोनवर सांगितलं, "मी शेवटपर्यंत बोलत होतो त्यांच्याशी. तुझी सारखी आठवण काढत होते. सगळं रेकॉर्ड झालंय, दाखवीन तुला." यातलं रेकॉर्ड झालंय एवढंच खरं होतं.

ते रेकॉर्डिंगसुद्धा मी मुद्दाम केलेलं नव्हतं. माझं जपानी बेताचं. क्लायंट बँकेचे साहेब मीटिंगमध्ये काय बोलले ते मला निम्मंच कळायचं, म्हणून प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय मी माझ्या दोन्ही लॅपटॉपवर करून ठेवली होती. संध्याकाळी तेच पुन्हा ऐकायचं, उरलेलं समजून घ्यायचं आणि मीटिंगचे मिनिट्स लिहून पाठवायचे. त्या सवयीत बाबांचाही कॉल रेकॉर्ड झाला.

आणि झालं होतं ते असं. बाबांशी जेमतेम तीन-चार वाक्यं बोलून झाली असतील, तेवढ्यात आतल्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप वाजायला लागला. स्टेटस मीटिंग. इथे मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला तरी दहा वेळा माफी मागतात, आणि मी तर या लोकांपेक्षाही जास्त जपानी व्हायला निघालेलो. "बाबा, दोन मिनिटं हं," म्हणून मी उठलो. माझे वडील आजारी आहेत, एवढं वाक्य तरी मला जपानीत येत होतं. पहिल्या धड्यांतलं वाक्य. ते मी म्हणालो नाही. परत आलो तेव्हा कॉल बंद झाला होता. मी लॅपटॉप मिटला आणि फुटॉनच्या गाद्या ठेवायच्या कपाटात अगदी वर ढकलून दिला. तो पुन्हा उघडला नाही.

व्हिसाचे दहा दिवस उरले होते त्या रविवारी दुपारी आई पुन्हा म्हणाली तेव्हा बायकोच उठली, स्टुलावर चढली आणि लॅपटॉप काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तिला सगळं माहीत होतं. "आई थांबल्यात," एवढंच म्हणाली.

चार्जर लावला, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं. तेच. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. "जुना झालाय गं," मी आईला म्हणालो. "उठायचं लक्षण दिसत नाही."

"बँकांच्या मशीन उठवतोस ना तू?" आई म्हणाली. "मग बघ की जरा."

मग मी बघू लागलो. म्हणजे बघायचं नाटक करू लागलो. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. स्क्रीनवर टॉर्च मारून आत पुसटसं काही उमटतंय का ते पाहिलं. टीव्हीची केबल जोडून पाहिली. आई प्रत्येक वेळी पुढे वाकायची आणि काही झालं नाही की मागे टेकायची. त्यातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली असती तर वीस मिनिटांत फाइल हातात आली असती. हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. आईला ठाऊक नव्हतं. मी स्क्रू सोडवत बसलो.

खालचं झाकण उघडलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. ती अलगद काढली. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. मदरबोर्डवरचा घड्याळाचा बटणसेल मेलेला असणार, तो आणतो असं सांगून खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, सेल मिळाला. घेऊन बाहेर येऊन सायकलींपाशी उभा राहिलो. वर जायचं, थोडी खुडबूड करायची आणि हात वर करून सांगायचं, नाही होत. संपला विषय. दहा दिवसांनी ती विमानात बसेल आणि शेवटपर्यंत आपला मुलगा बापाजवळ होता असं समजून जगेल. त्यात तिचंही भलंच होतं, असं मी स्वतःला पटवत होतो. आणि ते पटतही होतं, हे जास्त वाईट.

वर आलो तर आई गाऊन बदलून बसली होती. मोरपंखी साडी नेसली होती, जपानला निघताना ठेवणीतली म्हणून आणलेली आणि इतके दिवस बॅगेतच असलेली. तोंड धुतलं होतं, केस नीट बांधले होते. टेबलासमोर खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून बसली होती. नवऱ्याला भेटायला बसावं तशी.

मग नाटक करणं मला जमेना. सेल बसवला. बॅटरीशिवाय नुसता चार्जर लावून बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, तारीख चुकीची आहे असं काहीतरी. पुढे जा म्हटलं, आणि तो रडतखडत चालू झाला.

फाइल समोर होती. मी म्हणालो, "आई, मी तुला खोटं सांगितलं होतं. मी शेवटपर्यंत बोलत नव्हतो. ऑफिसच्या मीटिंगला उठून गेलो. त्यांनी तुझी आठवण काढली का, तेसुद्धा मला माहीत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "लाव."

मी लावलं. बाबा दिसले. ऑक्सिजनचा मास्क, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सिस्टरने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला असावा, चित्र थोडं तिरकं होतं. कोपऱ्यातल्या चौकोनात मी. "बाबा, दोन मिनिटं हं." आणि मी उठलो. त्यानंतर त्या चौकोनात माझी रिकामी खुर्ची आणि मागे वाळत घातलेले कपडे. बाबा त्या खुर्चीकडे बघत राहिले. सिस्टरचा आवाज आला, "काका, ठेवू का फोन?" बाबांनी बोट हलवलं. "नको. येईल. दोन मिनिटं म्हणाला." मग पुन्हा नुसतं बघणं. मग, "हॅलो. आहेस का?" मग बराच वेळ फक्त श्वासाचा आवाज. खाली आकडे पुढे सरकत होते. पाच मिनिटं. सात. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. त्यांना बोलायला कुणी हवं होतं आणि समोर कुणी नव्हतं. अकराव्या मिनिटाला सिस्टर आत आली, म्हणाली डॉक्टर आलेत, आणि स्क्रीन काळी झाली.

मी बंद करायला हात पुढे केला. आईने तो धरला.

"मघाचं परत लाव," ती म्हणाली. "हॅलो म्हणतात ना, तिथपासून."

मी मागे नेलं. मास्कच्या आतून बाबांचा घोगरा आवाज आला, "हॅलो. आहेस का?"

आईने खुर्ची पुढे सरकवली, पदर सारखा केला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"अहो, मी आहे ना," ती म्हणाली. "तो कामात आहे हो. माझ्याशी बोला."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो.