भर मे महिन्यात हसणारं झाड

मी एका झाडाला चोरून पाणी पाजून पाजून त्याचं अख्खं वर्ष वाया घालवलं आणि वर तो दोष मोरीवर ढकलला. मोरी बिचारी निर्दोष होती. तरी तिला खणून काढलं, आणि खणणं चाललं होतं तेव्हा मी शेजारी उभी राहून मिस्त्रीला चहा देत होते. साखर जरा जास्तच घातली होती. मन खात असलं की माझा हात साखरेला सैल होतो.

मी रत्नागिरीकडची. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पुढे वय वाढत गेलं तसं येणं कमी होत गेलं, ते वेगळं. आमच्याकडे काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. त्यामुळे झाडं आपणच वाढवतो असा आम्हा लोकांचा समज. वाढवतो पाऊस, मान घेतो आम्ही. सासरी येताना मी ट्रंकेत साड्यांच्या खाली, ओल्या फडक्यात गुंडाळून सोनटक्क्याचे कंद आणले आणि हातात सुपारीचं एक रोप. साड्यांवर जो डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही.

सासूबाईंनी रोपाकडे पाहिलं. "हे काय आनलं वं?"

"सुपारी."

"इथं जगंन?"

"न जगायला काय झालं? मी पाणी घालीन ना!"

त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला एप्रिलात कळला.

आमचं घर हुडकेश्वरच्या वाटेवर, वस्ती संपून शेतं सुरू व्हायची तिथं. दोन खोल्या आणि मागे मोठं अंगण. सासूबाईंच्या अंगणात नटवी झाडं नव्हतीच. कण्हेर, सदाफुली, मोगरा, कुंपणाला बोगनवेल, विहिरीकडे कोरफड. मला ती बाग पाहून कीव आली होती. सदाफुलीला काय बाग म्हणायचं? पण ऊन तापायला लागलं तसा माझा सोनटक्का कडेनं करपत गेला, सुपारीच्या झावळ्या जुन्या केरसुणीसारख्या झाल्या, आणि सदाफुली मात्र बाराच्या उन्हात गुलाबी फुलं घेऊन टुकटुक बघत राहिली. मी आणखी पाणी घातलं, तेही भर दुपारी, कारण तेव्हाच झाडांना तहान लागलेली दिसायची! उन्हात तापलेल्या बादलीतलं पाणी. म्हणजे मी पाणी घालत नव्हते, उकडत होते. मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं गेली.

अंगणात एक झाड मात्र सासूबाईंच्या जिवाचं होतं. मोरीपासून पाचसहा हातांवर, संत्र्याचं. त्याचं कलम त्यांच्या वडिलांच्या बागेतून आलेलं. वडील नरखेडकडचे, आयुष्य संत्र्यात गेलेलं. कलम देताना म्हातारबुवा लेकीला म्हणाले होते, "शहरात संत्रा लावनं म्हंजे म्हशीले पलंगावर झोपवनं. नेतेस तं ने, पन फळाची आस नको धरू."

त्यावर सासूबाईंनी शब्द दिला होता, "बाबा, तुमाले माह्या झाडाचा संत्रा खाऊ घालीन तेव्हाच खरी."

याला सहा वर्षं झाली होती. झाड डोक्याच्या वर गेलं होतं. म्हातारबुवांनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांचे डोळे मंदावत चालले होते. झाडानं फुलाफळांचा पहिला बहार धरायचा तो याच वर्षी. सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, "यंदा होऊन जाऊ दे बाप्पा." हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बहार धरवतात कसा.

अक्षय तृतीयेच्या सुमारास सासूबाईंनी संत्र्याचं पाणी बंद केलं. मला म्हणाल्या, "संत्र्याकडे पाहू नको, त्याचं मी पाहतो." आठ दिवसांत झाडानं मान टाकली. पानं आतल्या बाजूला वळली, पिवळी पडली, गळायला लागली. बाहेर तर चपलेविना पाऊल टाकता येत नव्हतं, आणि ही बाई मोगऱ्याला पहाटे तांब्या तांब्या पाणी घालते, कुंड्यांना ओली बारदानं गुंडाळते, आणि लाडक्या झाडाकडे ढुंकून बघत नाही! मी निष्कर्ष काढला: सासूबाईंचं वय झालं, विसरल्या. आता झाड वाचवणं माझ्या हाती. मनातल्या मनात मी पुढचंही ऐकलं: "सूनबाई होती म्हणून झाड जगलं हो!" एवढं ऐकून झाल्यावर कोण थांबणार?

चोरीला सोयही होती. उन्हाळ्यात पुढच्या दाराला वाळ्याची ताटी लावलेली असे, आणि तिच्यावर तासातासानं पाणी मारायचं काम नव्या सुनेचं. दुपारी घर त्या गार वासात झोपलेलं असताना मी बादली घेऊन हिंडले तरी कुणाला शंका येत नसे. ताटीला दोन तांबे, संत्र्याला उरलेली बादली. दहा दिवसांत झाड टवटवीत. शेंड्यांना पोपटी पालवी! सासूबाई त्याच्याभोवती फिरून फिरून बघायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या. मला वाटलं, आनंद दाखवायची विदर्भातली रीतच अशी असेल.

मग म्हातारबुवा आले. काटोलवरून येणाऱ्या एसटीनं, खांद्यावर धोपटी, डोक्याला ओला पंचा. पाणीसुद्धा न पिता ते थेट अंगणात गेले. पालवी त्यांनी डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त पाहिली.

"हे काय वं? तिकडे साऱ्या नरखेडात झाडं माना टाकून बसले, आन तुहं झाड हसून राहिलं?"

"मलेच समजून नाही राहिलं बाबा. तुमी म्हनलं तसाच ताण देला. एक थेंब नाही पाजला."

म्हातारबुवा उकिडवे बसले. बुंध्यापाशी काडीनं वीतभर माती उकरली, बोट आत घातलं आणि वर काढून लेकीपुढे धरलं. बोटाला चिखल होता.

"याले कोनी तरी पाजलं."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना नको तेव्हा समजत असे. आणि मी, जिला सगळं येत होतं, ती म्हणाले, "मोरी गळत असेल."

म्हातारबुवांची नजर मंद होती म्हणतात. पण त्या मंद नजरेनं त्यांनी माझ्या लुगड्याचा ओला, मातकट काठ नीट पाहिला. मिशीतल्या मिशीत काही तरी हललं. "असंन बाप्पा," ते म्हणाले, "मोरी असंन." आणि जेवून, दुपार टाळून, संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

सासूबाई म्हणजे बोलून थांबणारं माणूसच नव्हे. दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर. मोरी फोडली. तापमान किती होतं ते विचारू नका. फरशीवर पापड भाजले असते. घरातली सगळी माणसं अंगणात बाज उभी करून तिच्या आडोशाला अंघोळ करू लागली. आमचे हे तर रोज कचेरीला जाताना बाजेला नमस्कार करून जायचे. मी मिस्त्रीला चहावर चहा देत होते आणि मनात म्हणत होते, देवा, एक छोटीशी फट सापडू दे. केसाएवढी!

फट सापडली नाही. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "बाई, नळी चांगली हाये. थेंब नाही गळत."

सासूबाई कंबरेवर हात ठेवून झाडाकडे बघत राहिल्या. "मंग खालून कुठून तरी येत असंन. इथून खन, थेट झाडापर्यंत."

"मुळ्या तुटतीन."

"तुटू दे. पानीच नाही तुटलं तं झाड ठेवून काय करू? यंदा नाही धरलं तं बाबाले मी काय दाखवू?"

मिस्त्रीनं कुदळ उचलली. मी कपबशी तिथंच ठेवून पुढे धावले.

"नका! नका खणू! मोरी नाही गळत. पाणी मी घातलं."

कुदळ वरच राहिली. सासूबाई वळल्या. "किती?"

"रोज एक बादली."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा पान गळलं तेव्हापासून."

"काहून?"

"मला वाटलं, ते मरतंय. आणि तुम्ही विसरलात."

त्या पालथ्या घमेल्यावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बाबाचे डोळे चाल्ले वं. मले त्यायले रंग दाखवाचा होता." बस, एवढंच. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. चांगली नवी साडी होती, तिचंही वाटोळं. शेवटी मिस्त्रीनंच विचारलं, "बाई, मंग मोरी बुजवू का?"

सासूबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पदरातून, मग बाजेला धरून. त्यांच्या मागोमाग मलाही. रडता रडता हसल्यामुळे मला उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत टिकली.

रात्री भाकरी थापताना त्यांनी मला ताण समजावून सांगितला. "संत्र्याले वाटलं पायजे, का आता आपलं काही खरं नाही. तेव्हा ते पोरंबाळं आठवते आन फुलते. बसल्या जागी पोटभर भेटलं तं ते काहून फुलन? पानं काढत बसते आरामात." आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "पुढल्या साली ताण तू द्याचा."

त्या वर्षी पावसानंतर झाडाला पानं आली. भरगच्च, तकतकीत, आणि फुलाच्या नावानं शून्य.

पुढच्या मे महिन्यात ताण मी दिला. आयुष्यात पुष्कळ अवघड कामं केली, दोन बाळंतपणं केली, पण काही न करण्याइतकं अवघड काम मी केलं नाही. पानं विड्यासारखी वळली. ताटीला पाणी मारताना मी झाडाकडे पाठ करून उभी राहायची, तरी ते पाठीला दिसायचं. एके दिवशी तर तांब्या भरून बुंध्यापर्यंत गेले. झाड माझ्याकडे बघतंय, मी झाडाकडे. ओठ माझेही सुकलेले. शेवटी ते पाणी मीच पिऊन टाकलं आणि पळत घरात आले. सासूबाई आतून म्हणाल्या, "पेलीस?" त्या झोपलेल्या नव्हत्या. बहुतेक मागच्या वर्षीपासून दुपारी झोपतच नव्हत्या.

पुढे मृगात झाड फुललं. अंगणभर असा वास, की आमचे हे कचेरीतून आल्यावर घरात न येता आधी तिकडे जायचे. अकरा फळं धरली. दोन वाऱ्यानं पडली, दोन पोपटांनी नेली. उरलेली सात सासूबाईंनी थंडीभर रोज मोजली. दिवसातून दोनदा, वाढतील अशा आशेनं.

होळीच्या आधी आम्ही दोघी ती सात संत्री पदरात गुंडाळून एसटीनं म्हातारबुवांकडे गेलो. त्यांना आता माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती, पण रंग अजून थोडा दिसत होता. सासूबाईंनी एक संत्रं त्यांच्या हातात दिलं आणि निकालाला बसलेल्या पोरीसारख्या गुडघे जवळ घेऊन बसल्या. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. खूप वेळ धरलं. मग अंगठ्यानं सोललं, सालाचा वास घेतला, एक फोड खाल्ली. दुसरी. तिसरी.

"बाबा, सांगा ना!"

"थांब वं. खाऊ तं दे."

पूर्ण संपवलं. बिया हातावर घेतल्या, धोतराला बोटं पुसली. "गोड हाये," ते लेकीला म्हणाले. "हारलो बाप्पा मी." सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग म्हातारबुवांनी, मी जिथं बसले होते त्या अंदाजानं मान वळवली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं:

"काहून वं पोरी, मोरी आता गळत तं नाही ना?"