रंग सांगू नको

दगडाबाईआक्का म्हंजे माझ्या मोठ्या जाऊबाई. पेडगावात कुणाच्याबी घरी जा, अंगावर घ्यायला वाकळ निघंल ती आक्कांनीच शिवलेली. जुन्या लुगड्यांचे थर आन् बारीक टाके. तोंड मातर सुईपेक्षा टोकदार! आमचं दोघींचं रोज वाजायचं. दीर गेल्यापासून आक्का मळकट रंगाच्या लुगड्याबाहेर गेल्या न्हाईत, तोंड तेवढं तसंच राह्यलं. पण औंदा सुई कापडाऐवजी बोटात घुसायली. मोतीबिंदू पिकला होता. समदं धुरकट दिसायचं, रंग तर वळखूच येईनात.

परभणीला डोळ्याचा कॅम्प लागला. गावातल्या दवाखान्याच्या आशाताई म्हणल्या, "मुक्काम हाय, सांच्याला हॉलात लय गारठा. हलकं, उबदार, समोरून चैन असलेलं जाकीट घ्या. डोक्यातून घालायचं काई नको, डोळ्याला धक्का बसंल. घोंगडं तर न्हाईच, कुसं जातील डोळ्यात."

आक्का भेल्या. कुसुमबाई आमच्या गल्लीतल्या. कुठल्याशा कॅम्पाला एका डोळ्यानं बघत गेल्या, आल्या तवा त्योबी गेलता. तवापासून कॅम्पाचं नाव काढलं की आक्का विषय बदलतात. खरं सांगू? भ्या मलाबी वाटतं.

तरी कशाबशा राजी झाल्या आन् आमी परभणीत जाकिटाच्या दुकानात बसलो. पयलं जाकीट हातात घेतलं की म्हणल्या, "जड हाय." दुसरं, "लय पातळ. हिवानं मारतीस का मला?" तिसऱ्याची शिवण चाचपली आन् फेकलंच. "टाके हायत का शेळीच्या लेंड्या?"

दुकानदार हसला. माझं डोकं फिरलं. "आक्का, नाचता येईना अंगण वाकडं! जाकिटात खोट न्हाई, तुमच्या पोटात भ्या हाय."

आक्कांनी माझं मनगट धरलं. "रुख्मिणे, आता निदान तू बसलीस एवढं तरी दिसतंय गं. तेवढंबी गेलं तर? आंधळ्या जावेचं हगणं-मुतणं काढशील?"

मी फेकलेलं जाकीट उचलून घडी घालायला लागले.

"तूच घे कंचंबी," त्या हळूच म्हणल्या. "फकस्त रंग सांगू नको. पट्टी सुटल्यावर मीच सांगीन. न्हाई सांगता आलं तर समजून जा."

मी एक निवडलं. हलकं, मऊ, समोरून चैन. रंग बघूनच घेतलं आन् गुमान बांधून घेतलं.

आपरेशन झालं. सांच्याला हॉलात गारठा उतरला. आक्का खाटेवर, डोळ्याला पट्टी, जाकिटाची चैन गळ्यापस्तोर. शेजारची बाई कण्हायली की आक्का दचकायच्या. कानात रंग सांगून टाकावा वाटलं. पण मग खरं कसं कळलं असतं? देवा नरसिंहा, म्हणलं, तूच बघ आता.

सकाळी डॉक्टरीणबाईनं पट्टी काढली. आक्का डोळा मिचकावत खाली बघत राह्यल्या. बोलंनात. चैनीवरून बोट फिरवलं.

मग एकदम कडाडल्या. "अगं सटवे! राणी कलर? माझ्यासारख्या रांडमुंड म्हातारीला राणी कलर घातलास? आख्ख्या हॉलात नवरी करून बसवलंस व्हय गं?"

मी मटकन त्यांच्या पायाशी बसले. रडू आवरंना.

"आणिक शिव्या द्या, आक्का," मी म्हणलं. "थांबू नका."