उभा तळहात

आमच्या परळच्या ऑफिसात नेटवर्कचे स्विच माझा सहकारी सांभाळतो आणि सर्व्हर मी. दोघं एकदम त्याच्याशी बोलायला लागले की तो एकाकडे तळहात उभा करतो. दुसऱ्याचं ऐकून झालं की हात खाली घेतो आणि म्हणतो, "हं, बोल." कुणाचा एक शब्द सांडत नाही. टेबलाखाली पाय मात्र सारखा हलत असतो. ते बघून माझाही हलायला लागतो, वैताग येतो.

स्विचलाही त्याने हेच शिकवलंय. गर्दी झाली की साधा डेटा गळतो, तो पुन्हा पाठवता येतो. स्टोरेजचा गळून चालत नाही, म्हणून स्विच फक्त त्याच्या रांगेला 'थांब' म्हणतो. साहेब म्हणाले, "सगळंच लॉसलेस करून टाक, काहीच गळायला नको." हा म्हणाला, "सर, सगळ्यांनाच थांबवलं तर हलणार कोण?"

परवा दुपारी त्याची स्विचची टेस्ट चालू होती. टेबलावर त्याचा फोन थरथरला. आईचा होता. घोडपदेवला ती एकटीच असते. मॉनिटरवरची नजर न काढता त्याने फोनकडे तळहात उभा केला.

"अरे, उचल ना," मी म्हटलं.

दुसरा तळहात माझ्याकडे.

टेस्ट संपली. डेटाचं एकही पॅकेट गळलं नव्हतं. त्याचा पाय थांबला. दोन्ही हात खाली घेऊन तो फोनकडे वळला आणि म्हणाला, "हं, बोल."

फोन केव्हाच गप्प झाला होता.