नानांना समजल्याशिवाय

आमच्या जळगावच्या कॉलेजात कोणी किती मोठे काम केले, हे ठरवणारा माणूस दहावी नापास होता. प्राचार्य सह्या करायचे, विद्यापीठ पदव्या द्यायचे, पण ते काम खरोखर झाले की नाही हे दाराशी स्टूल टाकून बसलेले आमचे शिपाई नाना ठरवायचे. कारण प्रवेशद्वारातला अभिनंदनाचा फळा त्यांच्या ताब्यात होता, आणि स्वतःला समजल्याशिवाय कोणाचेही यश फळ्यावर लिहायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

तरुणपणी नाना रावेरला केळीच्या ट्रकांवर रंगकाम करायचे. त्यामुळे त्यांचे अक्षर इतके सुरेख की परीक्षा बुडवून आलेली मुलेही फळ्यापुढे थांबत. पण ट्रकची सवय हातातून गेली नव्हती. चारही कोपऱ्यांत फुले, मजकुराच्या दोन्ही बाजूंना एकमेकांकडे बघणारे मोर, आणि जागा उरलीच तर खाली एक केळीचा घड. इतिहासाच्या सरांच्या पुरस्काराखालीही घडच. सरांनी विचारले, "नाना, इथे केळी कशाला?" नाना म्हणाले, "सर, रिकामी जागा बरी नाही दिसत." फळा ओल्या फडक्याने पुसला की तो वाळेपर्यंत त्या बाजूने कोणी फिरकायचे नाही. प्राचार्यसुद्धा तेवढा वेळ मागच्या दाराने जात.

कोणी शोधनिबंधाचे पत्र घेऊन आला की नाना ते बाजूला ठेवत आणि म्हणत, "कागद राहू द्या. काय केलं ते सांगा." गणिताच्या मॅडमना त्यांनी तीन दिवस परत पाठवले. चौथ्या दिवशी मॅडमनी त्यांच्यापुढे खडूने गावे आणि रस्ते काढले, तेव्हा फळ्यावर आले, 'सगळी गावे फिरायची आणि एकही रस्ता दोनदा घ्यायचा नाही, हे जमेल की नाही ते घरबसल्या ओळखायची सोपी रीत आपल्या मॅडमनी शोधली.' आठवड्याने एसटी आगारातले एक साहेब मॅडमना शोधत आले. उलट, भाषाविभागाचे एक सर परदेशात निबंध वाचून आले आणि महिनाभर फळ्याबाहेरच राहिले. कोणी विचारले की नाना शांतपणे सांगत, "सर अजून स्वतःलाच समजावून राहिले."

माळीदादांच्या गुलाबाला जिल्ह्यात बक्षीस मिळाले, ग्रंथालयातल्या ताई पन्नाशीत बारावी झाल्या, ही दोन्ही अभिनंदने मोरांसकट फळ्यावर आली. प्राचार्य म्हणाले, "नाना, फळा प्राध्यापकांसाठी आहे." नानांनी फळ्याच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवले. "साहेब, इथे 'प्राध्यापक व कर्मचारी' लिहिलंय. निम्मं पुसू का?"

असा हा माणूस, आणि मला त्याच्याकडून एक ओळ हवी होती.

मी शिरपूरकडच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिलाच. याच कॉलेजात शिकवता शिकवता पाच वर्षे रसायनशास्त्रात संशोधन केले आणि पीएच.डी. झालो. या पाच वर्षांत माझे वडील, आबा, दर सुट्टीला विचारायचे, तू नेमके काय करतोस? आणि मी दरवेळी म्हणायचो, "आबा, ते कठीण आहे." आबा नुसती मान हलवायचे. पदवी मिळाल्यावर मी फोनवर सांगितले, आता या, फळ्यावर माझे नाव लागेल, त्यात सगळे लिहिलेले असेल. आबांनी गावभर सांगितले. शनिवारी ते आणि माय येणार होते.

सोमवारी मी नानांना प्रबंधाचे नाव ऐकवले. त्यात 'सक्रियित कर्ब', 'अधिशोषण' आणि 'गतिकी' होते. नाना म्हणाले, "हं." मंगळवारी मी आकृत्या नेल्या. बुधवारी सोपे करून सांगतो म्हणून अर्धा तास बोललो. गुरुवारी विनंती केली, "नाना, निदान नाव तरी लिहा. आईवडील येताहेत."

"नुसतं नाव तर हजेरीपटावर बी आहे," नाना म्हणाले.

शुक्रवारी दुपारी फळा पुसून कोरा होता. मी स्टुलाजवळ जाऊन नुसताच उभा राहिलो. नानांनी वर पाहिले आणि पहिल्यांदाच माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत, अहिराणीत बोलले, "तू शिरपूरकडला शे ना? मंग तुनी मायले सांगशी तसं सांग."

अकरावीत वर्गात माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघाले आणि सगळे हसले, तेव्हापासून मी गावाबाहेर अहिराणी बोललो नव्हतो. पुढे पुढे घरीही कमीच. त्या दिवशी मात्र दुसरा इलाज नव्हता. मी सुरुवात केली, "नाना, पऱ्हाटी शे ना, कापूस वेचा का उरस ती. ती पेटाडानी. पन राख नई व्हऊ देवानी, कोयसा करना. त्या कोयसाले बारीक बारीक भोके ऱ्हातस. रंगनं पानी त्यामाईन सोडं का रंग भोकेस्मा अटकी जास, आनि पानी नितळ निंघस."

"बस इतलंच?"

"इतलंच."

"मंग चार दिवस काय सांगी ऱ्हायंता?" असे म्हणून नानांनी खडू उचलला.

शनिवारी आबांनी आधी माझे नाव आणि मग खालची ओळ एकेका अक्षराखाली बोट धरून वाचली, 'शेतात वाया जाणाऱ्या पऱ्हाटीचा कोळसा करून आपल्या सरांनी रंगाचे पाणी नितळ करून दाखवले. पीएच.डी. मिळाली.' कोपऱ्यांत फुलांऐवजी कापसाची बोंडे होती. आबांनी पुन्हा एकदा वाचले आणि माझ्याकडे वळले, "म्हंजे पाच वरीस तू पऱ्हाटीच पेटाडी ऱ्हायंता का रे?"

माय लगेच म्हणाली, "मी तं तीस वरीसफाईन पेटाडी ऱ्हायनू!"

"अक्का," नाना खडू पुढे करत म्हणाले, "कशी पेटाडतस ते समजाडी सांगा. तुमनं बी लिखी टाकसू."

परतीच्या बसमध्ये आबांनी कंडक्टरला माझे संशोधन पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावले. गावी पोहोचेपर्यंत ते सगळ्या बसला पाठ झाले होते, असे माय सांगते. त्या दिवसापासून आबांनी मला 'तू काय करतोस' असे विचारले नाही. 'पुढे काय निंघनं?' असे विचारतात.

दोन वर्षांपूर्वी नाना निवृत्त होऊन गावी गेले. फळ्याच्या जागी आता विजेची पाटी आहे. तिच्यावर आमची सगळ्यांची नावे पदव्यांसकट लाल अक्षरांत धावतात. कोणाला काही समजो न समजो, ती थांबत नाहीत. नवे काही लिहून झाले की ते छापायला पाठवण्याआधी मी नानांना फोन लावतो आणि अहिराणीत सांगतो. मागच्या आठवड्यातही सांगितले. नानांनी सगळे ऐकून घेतले.

"समजनं का नाना?"

"अर्धं समजनं," ते म्हणाले. "बाकीनं अर्धं तुले बी समजेल नई."

फोन ठेवला आणि त्या अर्ध्यासाठी मी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो.